शिशाचं भांडं, कोंबडीची अंडी आणि कॉर्नेलिस ड्रेबेल: टेंपरेचर कंट्रोलरची ४०० वर्षं जुनी गोष्ट



मागच्या दिवाळीत माझ्या मावसभावाचा टेक्सासहून व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं, फराळाचं विचारेल. पण दादाने कॅमेरा थेट गॅरेजमधल्या एका इलेक्ट्रिक भांड्याकडे वळवला. आत नऊएक किलो शिसं वितळून आरशासारखं चकाकत होतं. दादा तिथल्या नेमबाजीच्या क्लबात जातो, आणि तिथले बरेच जण सरावाच्या गोळ्या विकत न घेता घरीच साच्यात ओततात. तिकडे हा रीतसर छंद आहे. आपल्याकडे तसं नाही. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कोणी भांडं तापवायला घेऊ नका. आपल्याला इथे रस आहे तो भांड्याच्या तापमानात.

दादाची तक्रार अशी होती. भांड्याच्या बटणावर १ ते ९ आकडे आहेत, अंशांचा पत्ता नाही. ५ वर ठेवलं तर पहिल्या वीस गोळ्या छान निघतात. मग तो शिशाची नवी वीट टाकतो आणि पुढच्या गोळ्यांवर म्हातारीच्या गालासारख्या सुरकुत्या येतात. बटण ७ वर नेलं की थोड्या वेळाने गोळ्या पांढुरक्या, दहिवर पडल्यासारख्या दिसायला लागतात. म्हणून त्याने एक पीआयडी कंट्रोलर मागवला होता आणि वायरिंग मला विचारत होता, कारण घरात इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा मीच केलाय.

वायरिंग अर्ध्या तासात झालं. पण नंतर मी सहज शोधत बसलो की बाबा, आगीवर अशी नजर ठेवणारं पहिलं यंत्र केलं कोणी? आणि एका माणसाच्या आयुष्यात अडकलो. त्याचं नाव कॉर्नेलिस ड्रेबेल. तुम्ही त्याचं नाव ऐकलं असेल तर बहुतेक पाणबुडीमुळे. मला मात्र त्याची दुसरीच वस्तू जास्त मोठी वाटते.

आधी भांड्याचं दुखणं समजून घेऊ

शुद्ध शिसं ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात थोडं कथील आणि अँटिमनी घातलं की मिश्रण त्याआधीच मऊ पडतं, पण साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट शिरायला ओतणारे लोक साधारण ३७० ते ४०० अंशांच्या आसपास काम करतात. गार असेल तर धातू साचा भरायच्या आतच थिजतो, म्हणून सुरकुत्या. फार गरम असेल तर गोळी सावकाश थिजते, पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि वरचं कथील हवेशी संयोग पावून राखेसारख्या सायीत निघून जातं.

आता एक गंमत. शिसं जड असतं, पण उष्णतेच्या बाबतीत हलकं असतं. एक किलो शिसं एक अंशाने तापवायला पाण्याच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्शाएवढीच उष्णता लागते. म्हणजे दादाचं नऊ किलो शिसं उष्णतेच्या हिशेबात जेमतेम पेलाभर पाण्याइतकं आहे! ७०० वॉटचं कॉइल त्याला दोन सेकंदांच्या आत एक अंशाने वर नेऊ शकतं (बाहेर जाणारी उष्णता सोडून बोलतोय). तेव्हा शिसं तापवणं कठीण नाहीच. ते आहे तिथे धरून ठेवणं कठीण आहे.

भांड्यातला स्वस्त थर्मोस्टॅट हे कसं करतो? दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी, जी तापली की वाकते आणि संपर्क तोडते. गार झाली की सरळ होते आणि कॉइल परत पूर्ण चालू. एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. शिवाय ही पट्टी शिशात नसते, बाहेर भांड्याच्या अंगाला असते. तिला बातमी कळेपर्यंत आत बरंच काही घडून गेलेलं असतं.

लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता मारायचा, भांडं फिरवायचा, नवसागर टाकायचा आणि कथलाचा तुकडा टेकवून नुसत्या नजरेनं ओळखायचा की झालं. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता, तो स्वतःच थर्मामीटर होता आणि कंट्रोलरही. ड्रेबेलच्या काळापर्यंत जगातली प्रत्येक भट्टी अशीच, माणसाच्या डोळ्यांवर चालायची. डोळा लागला की भट्टी गेली.

वेढ्यातलं बाळ

कॉर्नेलिसचा जन्म १५७२ चा, नेदरलँड्समधल्या अल्कमार गावचा. पुढच्याच वर्षी स्पॅनिश फौजेने या गावाला वेढा घातला. गावकरी हटले नाहीत, बांध फोडून आजूबाजूला पाणी सोडलं गेलं आणि ऑक्टोबर १५७३ मध्ये स्पॅनिश परत फिरले. म्हणजे आपला नायक रांगत होता तेव्हा त्याच्या गावाच्या तटावरून शिशाच्याच गोळ्या सुटत होत्या. त्या काळातले सैनिक शिसं आणि चिमट्यासारखा साचा जवळ बाळगायचे आणि शेकोटीवर गोळ्या ओतायचे. त्यांना पीआयडी लागत नव्हता, आणि त्याला कारण आहे. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, गोळी नळीपेक्षा थोडी लहानच. तिच्यावर चार सुरकुत्या असल्या तरी कोणाचं काही अडत नव्हतं. आजच्या बंदुकीच्या नळीत पिळाचे आटे असतात, गोळी त्यांत घट्ट बसून फिरत जाते, म्हणून आत एक पोकळ बुडबुडा राहिला तरी नेम हलतो. दादा एकेक गोळी काट्यावर तोलतो ती त्यासाठी.

मुलगा मोठा झाल्यावर हार्लेम शहरात हेंड्रिक गोल्ट्झियस नावाच्या नामवंत चित्रकाराकडे तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम शिकायला गेला. गोल्ट्झियसला किमयेचाही नाद होता, म्हणजे हलक्या धातूंचं सोनं करायचा. शिष्याने गुरूकडून दोन्ही उचललं, आणि १५९५ मध्ये गुरूच्या धाकट्या बहिणीशी, सोफियाशी लग्नही केलं. १५९७ मधला त्याने कोरलेला अल्कमारचा नकाशा आजही आहे. पण पठ्ठ्याचं लक्ष पत्र्यावर फार काळ टिकलं नाही. १५९८ मध्ये त्याला पाणी उपसण्याचं साधन आणि एक घड्याळ यासाठी पेटंट मिळालं, पुढे मिडलबर्ग गावात त्याने कारंजं उभारलं.

याच सुमारास त्याने तत्त्वांच्या स्वभावावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यातलं एक चित्र मला फार आवडतं. काचेचं बकपात्र आगीवर धरलंय, त्याची चोच पाण्यात बुडवलीय आणि चोचीतून बुडबुडे निघतायत. तापल्यावर हवा फुगते, गार झाली की आकसते, इतकंच ते चित्र सांगतं. तुम्ही म्हणाल, हे तर शाळेतलं. हो, पण या फुगण्याने काहीतरी ढकलता येईल, हलवता येईल, कामाला लावता येईल हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि पुढची पंचवीस वर्षं त्याने तेच केलं.

राजाचं खेळणं

१६०४-०५ च्या आसपास तो कुटुंब घेऊन इंग्लंडला गेला. तिथे नुकताच पहिला जेम्स राजा झाला होता. ड्रेबेलने त्याला एक चमत्कारिक वस्तू दिली, ती लंडनजवळच्या एल्थम राजवाड्यात ठेवली होती. मधे एक गोल, त्यावर दिवस, महिने, चंद्राच्या कला दाखवणारे काटे, आणि भोवती काचेची कड्यासारखी नळी, जिच्यात पाणी आपोआप इकडून तिकडे सरकत राहायचं. लोक म्हणाले, हे तर कधीच न थांबणारं यंत्र. खरं कारण साधं होतं. नळीला जोडलेली कोंडलेली हवा दिवसा फुगायची, रात्री आकसायची, बाहेरचा दाबही बदलायचा. खोलीतलं तापमानच त्याला चावी देत होतं.

या खेळण्याने त्याची कीर्ती युरोपभर गेली आणि १६१० मध्ये प्रागहून बोलावणं आलं. तिथला सम्राट दुसरा रुडॉल्फ म्हणजे किमयागार, ज्योतिषी, घड्याळजी यांचा मोठा आश्रयदाता. ड्रेबेलला वाटलं असेल, आता नशीब उघडलं. पण वर्षभरात रुडॉल्फच्या भावाने, मॅथियसने, प्राग ताब्यात घेतलं आणि जुन्या दरबारातल्या मंडळींबरोबर ड्रेबेलही तुरुंगात गेला. सुटून १६१३ मध्ये तो लंडनला परतला, तेव्हा त्याचा चाहता असलेला युवराज हेन्रीही वारला होता. चाळिशी उलटलेली, चार मुलं, आणि कमाई म्हणजे दरबाराची मर्जी. कधी मिळे, कधी नाही.

पाणबुडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर इतरत्र भरपूर वाचायला मिळेल. १६२० ते १६२४ च्या दरम्यान त्याने चामड्याने मढवलेली, वल्ह्यांनी चालणारी नाव थेम्स नदीत पाण्याखाली चालवून दाखवली. आतली हवा तो कशी ताजी ठेवत होता यावर पुढे रॉबर्ट बॉइलनेही लिहिलं. सोरा तापवून त्यातून निघणारा वायू वापरला असावा, असा बऱ्याच इतिहासकारांचा अंदाज आहे. नौदलाने नाव घेतली नाही.

आगीलाच आगीवर राखण बसवली

आता मूळ मुद्दा. किमयागारांची समजूत होती की पारा, शिसं वगैरे पदार्थ महिनोन्‌महिने अगदी सारख्या उष्णतेवर ठेवले तर त्यांचं सोनं होईल. शेकडो लोक भट्टीपुढे बसून झोपमोड करत होते. ड्रेबेलने सोन्याआधी झोपेचा प्रश्न सोडवला. तसाच दुसरा प्रश्न कोंबडीच्या अंड्यांचा. खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस अंड्यांना साधारण साडेसदतीस अंशांवर ठेवते, दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले की पिल्लू जातं. कोंबडीशिवाय हे आगीवर कसं जमवायचं?

१६२० च्या सुमारास त्याने जी पेटी केली ती अशी होती. तुम्ही हे वाचताना कागदावर चित्र काढलंत तर उत्तम.

पेटीत पेटी. आतल्या पेटीत अंडी, दोन पेट्यांच्या मधे पाणी, खाली आग आणि वर धूर जायला भोक. या भोकावर एक झडप. पाण्यात बुडवलेली काचेची लांब कुपी, तिच्यात दारूचा अर्क, आणि कुपीची मान इंग्रजी यू सारखी वळवून वर आणलेली. त्या वळणात पारा. पाऱ्यावर तरंगणारी एक काडी, काडीच्या वर तरफ, तरफेच्या दुसऱ्या टोकाला ती झडप.

आग वाढली की पाणी तापतं. पाणी तापलं की अर्क फुगतो, पाऱ्याला ढकलतो. पारा काडीला वर उचलतो, तरफ फिरते, झडप खाली येते, धूर कोंडतो, आगीला ओढ कमी पडते. आग मंदावते. मग पाणी गार होतं, अर्क आकसतो, काडी खाली, झडप वर, आग परत जिवंत. किती अंशांवर ठेवायचं ते काडीच्या लांबीवरून ठरतं. लांब काडी लवकर झडप लावते, आखूड काडी उशिरा. म्हणजे कंट्रोलरवर आपण जो सेट पॉइंट टाकतो, तो त्याच्याकडे एका काडीची लांबी होती!

इथे कोणी माणूस नाही. यंत्र स्वतः मोजतंय, स्वतः ठरवतंय, स्वतः हात हलवतंय, आणि त्या हाताचा परिणाम परत स्वतःच मोजतंय. याला आज आपण फीडबॅक म्हणतो. तुमचा मोबाईल गेम खेळताना तापला की प्रोसेसर आपोआप हळू होतो ना, तिथेही हीच साखळी आहे. फक्त झडपेच्या जागी क्लॉक स्पीड आहे.

मला खरं थक्क केलं ते पुढच्या गोष्टीने. ड्रेबेलची झडप टक् करून उघडबंद होत नव्हती. पारा जेवढा वर, झडप तेवढी खाली. थोडी चूक तर थोडी दुरुस्ती, मोठी चूक तर मोठी दुरुस्ती. यालाच प्रपोर्शनल कंट्रोल म्हणतात, पीआयडीतला पी. दादाच्या भांड्यासोबत आलेला थर्मोस्टॅट मात्र चालू किंवा बंद एवढंच जाणतो. म्हणजे एकविसाव्या शतकात कारखान्यातून आलेलं भांडं या एका बाबतीत १६२० च्या अंड्यांच्या पेटीपेक्षा मागे आहे. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याला पैसे परत मागावेसे वाटले.

पी एकटा पुरत नाही, हेही खरं. समजा हिवाळ्याची रात्र आहे. पेटी गार पडू नये म्हणून झडप नेहमीपेक्षा जास्त उघडी हवी. पण झडप जास्त उघडी राहायची तर पारा थोडा खालीच हवा, म्हणजे पाणी थोडं गारच हवं. त्यामुळे यंत्र हव्या त्या आकड्याच्या किंचित खाली जाऊन स्थिरावतं आणि तिथेच समाधानी राहतं. शिशाच्या भांड्यात नुसता पी लावला तर ३८० सांगूनही ते ३७२ वर बसून राहील, तसंच हे. हा फरक साठवत जाऊन भरून काढतो तो आय. आणि तापमान किती वेगाने चढतंय ते बघून आधीच हात आखडता घेतो तो डी. हे तिन्ही एकत्र कसे वागतात ते १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्कीने मांडलं, तेही जहाजाचं सुकाणू धरणारे खलाशी बघून. भट्टी नाही, अंडी नाही, जहाज! मधल्या काळात १८३० मध्ये अँड्र्यू युरने दोन धातूंच्या पट्टीचं साधन केलं आणि थर्मोस्टॅट हा शब्द दिला. नाव त्याचं पडलं, वस्तू दोनशे वर्षं जुनी.

बिघडायची तऱ्हा तीच

दादाच्या कंट्रोलरची गोष्ट पुरी करतो. के टाइपचा थर्मोकपल शिशात बुडवला, कॉइल चालूबंद करायला एसएसआर लावला आणि त्याला उष्णता बाहेर टाकायला अॅल्युमिनियमचा फिनवाला तुकडा बसवला. कंट्रोलरचं ऑटोट्यून चालवलं, म्हणजे त्याने दोन-तीनदा मुद्दाम वरखाली जाऊन भांड्याचा स्वभाव ओळखला आणि स्वतःचे पी, आय, डी ठरवले. मग नवी वीट टाकली तरी आकडा थोडा पडायचा आणि दोनेक मिनिटांत जागेवर यायचा. गोळ्या सारख्या निघायला लागल्या. दोघंही खूश.

तिसऱ्या दिवशी दादाने वरची साय काढायला थर्मोकपल बाहेर काढून बाकावर ठेवला. तेवढ्यात दारावर कुरिअर आलं. कंट्रोलरला दिसत होतं ते गॅरेजचं तापमान. त्याने प्रामाणिकपणे विचार केला की शिसं फारच गार पडलंय, आणि कॉइल पूर्ण उघडलं. दादा परतला तेव्हा शिशावर पिवळा-जांभळा पडदा धरला होता. थर्मोकपल आत घातल्यावर आकडा ४८० च्या वर गेला. घरात त्याची सहा वर्षांची मुलगी आहे. नशिबाने गॅरेजचं दार उघडं होतं आणि ती शाळेत.

इथे थोडं थांबून सांगतो. शिसं उकळतं १७४९ अंशांना, त्यामुळे ४०० ला वाफ फारशी होत नाही. खरा धोका त्या राखाडी सायीच्या धुळीचा. ती हाताला, कपड्याला लागते, तिथून तोंडात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा त्रास सगळ्यांत जास्त. तापमान जितकं वर, तितकी साय जास्त, वाफही जास्त. दुसरा धोका पाण्याचा. ओली वीट वितळलेल्या शिशात गेली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. आणि तिसरी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. एसएसआर बिघडतो तेव्हा तो बहुतेक वेळा चालू स्थितीतच चिकटतो. मग कंट्रोलर कितीही ओरडला तरी कॉइल थांबत नाही. तेव्हा भांडं सोडून हलायचं नाही, आणि प्लगचा स्विच हाताशी हवा.

ड्रेबेलच्या पेटीत काय झालं असतं? समजा काचेच्या कुपीला तडा गेला आणि अर्क गळला. पारा खाली, काडी खाली, झडप सताड उघडी, आग पूर्ण जोरात. अगदी तेच. सेन्सर गेला की यंत्राला वाटतं, गार आहे. ४०० वर्षांत ही चूक सुटलेली नाही. फक्त त्याच्या पेटीत पाणी होतं. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे घर वाचलं असतं, पिल्लं नसती वाचली. शिशाच्या भांड्याला असा बांध नाही.

शेवटची वर्षं

ड्रेबेलच्या हातून अजून एक मोठी गोष्ट झाली, आणि तीही कथलामुळेच. कोचिनील किड्यांच्या लाल रंगात कथील विरघळवलेलं आम्ल पडलं आणि रंग एकदम झगझगीत झाला. हे अपघातानं झालं असं सांगतात. दादा गोळ्यांत घालतो तेच हे कथील. या लाल रंगावर त्याच्या जावयांनी, क्युफ्लर बंधूंनी, लंडनच्या बो भागात रंगाचा कारखाना चालवला आणि तो कापडाचा रंग पुढे बो डाय म्हणून प्रसिद्ध झाला. पैसा आला तो त्यांच्याकडे.

सासऱ्याच्या वाट्याला आलं युद्ध. फ्रान्समधल्या ला रोशेल शहराला वेढा पडला होता आणि इंग्लंडचं आरमार ते सोडवायला निघालं होतं. १६२८ मध्ये ड्रेबेलने त्या आरमारासाठी पाण्यावर तरंगत जाऊन फुटणारे सुरुंग तयार केले. वेढ्यात जन्मलेला माणूस वेढा फोडायला गेला. सुरुंगांनी काम केलं नाही, ला रोशेल पडलं, आणि दरबारातली उरलीसुरली किंमतही गेली. त्यानंतर दलदलीच्या जमिनीतून पाणी काढायच्या योजनांमध्ये तो होता, पण पोट भरायला शेवटी त्याने लंडनमध्ये एक दारूचा गुत्ता चालवला. नोव्हेंबर १६३३ मध्ये तिथेच वारला.

मला इथे चुटपुट लागते ती गरिबीची नाही. तशी गरिबी त्या काळच्या बऱ्याच कारागिरांना आली. चुटपुट याची की अंड्यांच्या पेटीचं वर्णन त्याने स्वतः छापून ठेवलं नाही. कदाचित दरबारी माणसाला आपलं गुपित हीच एक मालमत्ता वाटत असावी. आपल्याला जे कळतं ते जावयांमुळे. त्यांच्याकडच्या टिपणांत आणि आकृत्यांत ही भट्टी उरली. १६६३ मध्ये मोंकोनी नावाच्या फ्रेंच प्रवाशाने क्युफ्लरकडे ती पाहून लिहून ठेवली. १६६६ मध्ये जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत क्युफ्लरच्या लोखंडी, उचलून नेता येणाऱ्या भट्ट्यांची नोंद केली, ज्या ऑरेंजच्या राजपुत्राच्या फौजेसाठी केल्या होत्या. ज्या फौजेतला शिपाई आपली गोळी शेकोटीवर अंदाजाने ओतत होता, तिच्याचसाठी ड्रेबेलच्या घरातून भट्ट्या गेल्या.

दादाने आता थर्मोकपलला पितळी क्लिप करून तो भांड्याच्या काठाला पक्का बसवलाय, टोक तळापासून बोटभर वर. साय काढताना तो थर्मोकपल हलवत नाही, बाजूने चमचा फिरवतो. कंट्रोलरच्या अलार्मचा दुसरा संपर्क त्याने एका वेगळ्या कॉन्टॅक्टरला जोडलाय, ४३० च्या वर गेलं की प्लगचीच वीज तुटते. आणि त्या अलार्मसाठी दुसरा, स्वतंत्र थर्मोकपल लावलाय, कारण पहिलाच बाहेर पडला तर त्याच्यावरच्या अलार्मचा उपयोग शून्य. परवा त्याने फोटो पाठवला. कंट्रोलरच्या डब्यावर मार्करने मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिलंय, ड्रेबेल. शेजारी त्याच्या मुलीने एक कोंबडी काढलीय.